किरणोत्सारी पदार्थ प्रयोगशाळेत हाताळताना: परवानगीपासून कचऱ्यापर्यंत

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत येणारा किरणोत्सारी पदार्थ बहुधा बोटाएवढ्या वायलमध्ये (छोट्या बाटलीत) मावतो. डीएनएवर खूण करायला फॉस्फरस-३२, प्रथिनांसाठी सल्फर-३५, चयापचयाच्या अभ्यासाला कार्बन-१४ किंवा ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन), संप्रेरकांच्या मोजणीला आयोडीन-१२५. प्रमाण इतकं लहान असल्यामुळे लोक दोन टोकांना जातात. काही जण त्या खोलीत पाय ठेवायला घाबरतात, तर काही जण महिन्याभरात तो पदार्थ साध्या बफरसारखा (रोजच्या वापरातल्या द्रावणासारखा) हाताळू लागतात. मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या गटाची. हा पदार्थ दिसत नाही, त्याला वास नाही, त्वचेवर पडला तर चटकाही बसत नाही. मीटर सोडला तर त्याचा पत्ता सांगणारं आपल्याकडे काहीच नसतं. म्हणून पुढे प्रत्येक टप्प्यावर मी मोजण्याबद्दल पुन्हा पुन्हा बोलणार आहे.

आधी ठरवा: हे खरंच लागतं का?

अनेक प्रयोग आता फ्लुरोसन्स किंवा केमिल्युमिनेसन्सवर (प्रकाश देणाऱ्या खुणांवर) तितकेच चांगले होतात. प्रयोगशाळेत पूर्वापार तसंच करतात, एवढ्या एका कारणासाठी किरणोत्सारी पद्धत निवडू नका. ती लागणारच असेल, तर सौम्य समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाच्या अणूंचा प्रकार) चालतो का ते पाहा. फॉस्फरस-३२ च्या बीटा कणांची (अणूतून वेगाने बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची) कमाल ऊर्जा १.७१ एमईव्ही (ऊर्जेचं एकक) असते, फॉस्फरस-३३ ची ०.२५ एमईव्ही. ज्या कामात फॉस्फरस-३३ पुरतो, तिथे बोटांना होणारा त्रास एका निर्णयात कितीतरी कमी होतो. मागणीही गरजेपुरतीच नोंदवा. पुढे लागेल म्हणून जास्तीचं मागवलेलं निम्मं सामान कचऱ्यात जातं.

त्यानंतर परवानगी. विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय एकही वायल मागवायची नाही. कोणता समस्थानिक, किती बेक्वेरल (सेकंदाला किती अणू क्षय पावतात याचं एकक), कोणत्या खोलीत, कोणाच्या हातून, कचऱ्याचं काय होणार, हे सगळं आधी लिहून मंजूर झालेलं असावं. या माणसाला लोक कागदपत्रं अडवणारा समजतात. खरं तर इमारतीत तुमच्या चुका तुमच्याआधी ओळखू शकणारा तोच असतो. त्याच्याशी पहिली भेट स्पिल झाल्यावर, म्हणजे पदार्थ सांडल्यावर, होऊ देऊ नका.

आपला समस्थानिक ओळखा

किरणोत्सारासाठी एकच सरसकट नियम लावणं धोक्याचं आहे. एका समस्थानिकाला जे संरक्षण पुरतं, ते दुसऱ्याला उपयोगाचं नसतं.

फॉस्फरस-३२ चे बीटा कण हवेत सुमारे ६ मीटर जातात. ते अडवायला १ सेंटिमीटर जाडीचं अ‍ॅक्रिलिक पुरतं. नवखे लोक इथे हमखास शिसं शोधतात, आणि तीच चूक ठरते. वेगवान बीटा कण शिशासारख्या जड धातूत अचानक मंदावले की त्यातून क्ष-किरण तयार होतात, आणि ते बीटा कणांपेक्षा जास्त भेदक असतात. आधी अ‍ॅक्रिलिक, आणि पदार्थाचं प्रमाण फार मोठं असेल तर त्याच्या बाहेरच्या बाजूला शिसं, हा क्रम उलटवू नका.

या समस्थानिकाची ताकद आकड्यांत पाहा. ३७ किलोबेक्वेरल, म्हणजे १ मायक्रोक्युरी, इतका फॉस्फरस-३२ त्वचेच्या १ चौरस सेंटिमीटरवर लागून राहिला, तर तिथल्या त्वचेला तासाला साधारण ९० मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणोत्साराचं एकक) मात्रा मिळते. किरणोत्साराशी काम करणाऱ्यांसाठी त्वचेची वार्षिक मर्यादा ५०० मिलिसिव्हर्ट आहे. म्हणजे पाच-सहा तासांत वर्षाची मर्यादा संपली. आणि मिलिलिटरला ३७० मेगाबेक्वेरल असलेल्या द्रावणात ३७ किलोबेक्वेरल मावतात ते फक्त ०.१ मायक्रोलिटरमध्ये. हातमोज्यावर उडालेला, डोळ्याला न दिसणारा तुषार एवढाच असतो.

सल्फर-३५ (अर्धायू, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, ८७ दिवस) आणि कार्बन-१४ (अर्धायू सुमारे ५७०० वर्षं) यांचे बीटा कण कमजोर असतात. वायलची काचसुद्धा त्यांना अडवते, त्यामुळे वेगळं शील्डिंग लागत नाही. धोका आहे तो पोटात किंवा श्वासात जाण्याचा. सल्फर-३५ लावलेल्या मेथिओनिनची (प्रथिनांच्या एका घटकाची) वायल उघडताना किरणोत्सारी वाफ बाहेर येते, म्हणून ती फ्यूम हूडमध्येच (वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटातच) उघडायची. वितळलेली वायल बाकावर उघडली, तर ती वाफ इन्क्युबेटरच्या आतल्या भिंतींपर्यंत पोचते.

ट्रिटियमचा बीटा कण हवेत जेमतेम ६ मिलिमीटर जातो आणि त्वचेचा मृत थरही ओलांडत नाही. म्हणून लोक त्याला निरुपद्रवी समजतात. पण ट्रिटियमयुक्त पाणी त्वचेतून आणि श्वासातून शरीरात शिरतं, आणि ट्रिटियम लावलेलं थायमिडिन (डीएनएचा एक घटक) तर थेट पेशीकेंद्रात जाऊन बसतं. हातमोजे वरचेवर बदला. मोठ्या प्रमाणावर काम असेल तर लघवीची तपासणी ठरवून घ्या.

आयोडीन-१२५ चा विषय वेगळाच. त्यातून कमी ऊर्जेचे गॅमा आणि क्ष-किरण निघतात. त्यांना १ मिलिमीटर शिसंही पुरतं, अ‍ॅक्रिलिक मात्र फारसं अडवत नाही. मुक्त आयोडीन उडून जातं आणि शरीरात शिरलं की गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं. त्याचं द्रावण आम्लधर्मी होऊ देऊ नका, गोठवू नका आणि सांडलं तर ब्लीच वापरू नका. या तिन्ही गोष्टींनी आयोडीन वाफेच्या रूपात बाहेर पडतं. कामाच्या आधी आणि नंतर थायरॉइडची मोजणी करून घेणं सोडू नका.

मीटर कोणता, आणि तो चालतो का?

अनेक प्रयोगशाळांत एकच गायगर-म्यूलर काउंटर सगळ्यासाठी फिरत असतो. फॉस्फरस-३२ ला तो उत्तम. सल्फर-३५ आणि कार्बन-१४ ला तो जेमतेम चालतो. प्रोब पृष्ठभागापासून १ सेंटिमीटरच्या आत आणि सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटरच्या गतीने फिरवावा लागतो. घाण लागू नये म्हणून प्रोबवर प्लास्टिकची फिल्म गुंडाळली, तर हे कमजोर कण तिथेच अडतात आणि मीटर शांत राहतो. आयोडीन-१२५ साठी सोडियम आयोडाइडच्या पातळ स्फटिकाचा प्रोब लागतो. ट्रिटियम तर कोणत्याही हातातल्या मीटरला कळत नाही. त्यासाठी पृष्ठभाग पुसून तो कागद लिक्विड सिंटिलेशन काउंटरमध्ये (कणांमुळे द्रवात पडणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्रात) मोजावा लागतो.

काम सुरू करण्याआधी मीटरची बॅटरी आणि कॅलिब्रेशनची तारीख पाहा, तपासणीच्या ठरलेल्या स्रोतावर त्याचं वाचन बरोबर येतं का ते पाहा, आणि दूरच्या कोपऱ्यात पार्श्वभूमीचं (स्रोत जवळ नसतानाही येणारं) वाचन घेऊन लिहून ठेवा. ते नसेल, तर शेवटी आलेल्या आकड्याला अर्थच उरत नाही.

अंगावरचा डोसीमीटर बॅजही (तुम्हाला मिळालेली मात्रा नोंदवणारा बिल्ला) हवा. फॉस्फरस-३२ किंवा गॅमा स्रोतासाठी छातीवर बॅज आणि बोटात अंगठी-बॅज. अंगठीतला संवेदक तळहाताच्या बाजूला, हातमोज्याच्या आत. ट्रिटियम, कार्बन-१४ आणि सल्फर-३५ चे कण बॅजला कळत नाहीत, त्यामुळे बॅज कोरा आला म्हणून त्यांच्याबाबत निर्धास्त होऊ नका. काम संपल्यावर बॅज कोटाला लावून स्रोताजवळ टांगून ठेवला, तर आलेला आकडा तुमचा नसून कोटाचा असतो.

मर्यादा कितीच्या? आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार कामगारांसाठी ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कोणत्याही एका वर्षात ५० हून जास्त नाही. सर्वसामान्य लोकांसाठी वर्षाला १. निसर्गातून माणसाला जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. नीट चालवलेल्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याच्या बॅजवर बहुतेक वेळा मोजण्याजोगं काहीच येत नाही. मर्यादेच्या आत आहोत एवढ्यावर थांबू नका; वाचन शून्याच्या जवळ का नाही, हे विचारा. गर्भवती सहकारी असेल, तर तिने कळवल्यापासून गर्भासाठी १ मिलिसिव्हर्टची मर्यादा धरून कामाची आखणी बदलावी लागते. हे सांगायला तिला संकोच वाटू नये, ही गटप्रमुखाची जबाबदारी आहे.

रंगीत पाण्याची तालीम

या लेखातून एकच सवय घ्यायची असेल, तर ही घ्या. खऱ्या पदार्थाला हात लावण्याआधी संपूर्ण प्रयोग रंगीत पाण्यावर करून पाहा: तेच पिपेट, तेच ट्रे, तेच हातमोजे, तीच अ‍ॅक्रिलिकची ढाल. ढालीमागे हात कसा अवघडतो, कोणती वस्तू वेळेवर सापडत नाही, सेंट्रिफ्यूजमधून काढताना ट्यूबच्या झाकणातून थेंब कुठे उडतो, हे सगळं पांढऱ्या कागदावर रंगात दिसतं. तालमीत वेळही कमी होतो, आणि स्रोताजवळचा वेळ निम्मा झाला की मात्राही निम्मी होते.

अंतराचा परिणाम त्याहून मोठा. लहानशा स्रोतापासून अंतर दुप्पट केलं की मात्रा एक चतुर्थांश होते. ट्यूब बोटांत १ सेंटिमीटरवर धरण्याऐवजी चिमट्याने १० सेंटिमीटरवर धरली, तर ती साधारण शंभर पटीने घटते. हजारो रुपयांच्या शील्डिंगने जे साधत नाही, ते लांब चिमटा साधतो.

जागा मांडणं

किरणोत्सारी कामाची जागा ठरलेली असावी, चालण्याच्या वाटेपासून दूर, चिन्ह आणि नाव स्पष्ट लावलेली. बाकावर कड असलेला ट्रे, त्यात शोषक कागद, प्लास्टिकची बाजू खाली. या कामाचे पिपेट, टिप्स, व्हॉर्टेक्स वेगळे. ते बाहेर जात नाहीत आणि दुसरे आत येत नाहीत. कचऱ्याचा डबा हाताशी, म्हणजे वापरलेली टिप घेऊन खोलीभर फिरावं लागत नाही. खाणं, पिणं, लिपस्टिक लावणं, पाण्याची बाटली ठेवणं यातलं काहीही तिथे नाही, प्रयोगाच्या फ्रिजमध्ये डबाही नाही. १९२० च्या दशकात घड्याळांच्या डायलवर रेडियमचा रंग लावणाऱ्या कामगार मुली टोक यावं म्हणून ब्रश ओठांत धरत, आणि ते रेडियम त्यांच्या हाडांत साठलं. तोंडाजवळ हात नेऊ नका, हा नियम अशी किंमत मोजून आला आहे.

सफाई करणाऱ्यांना या सगळ्यात विसरलं जातं. ज्यांना प्रशिक्षण दिलेलं नाही, बॅज नाही आणि दारावरचं चिन्ह कशाचं ते कोणी सांगितलेलं नाही, त्यांनी तो बाक पुसायचा किंवा तो डबा रिकामा करायचा नाही. त्यांच्या भाषेत, समोर उभं राहून, कशाला हात लावायचा नाही ते दाखवा.

पार्सल आलं की

हातमोजे घालून पार्सलची बाहेरची बाजू मोजा आणि पुसून तपासा. मग आतला डबा, मग वायल. गळती दिसली तर तिथेच थांबून अधिकाऱ्याला बोलवा. वायल पूर्ण वितळू द्या, क्षणभर सेंट्रिफ्यूज करून झाकणाला लागलेला थेंब खाली आणा, मगच उघडा. नोंदवहीत तारीख आणि बेक्वेरल लिहा. प्रत्येक वेळी किती काढलं तेही लिहा. फॉस्फरस-३२ चं अर्धायू १४.३ दिवस असल्याने महिन्याभरात जेमतेम चौथा हिस्सा उरतो. त्यामुळे वायलवरच्या जुन्या आकड्यावर विसंबून हिशेब केला, तर प्रयोगही चुकतो.

प्रत्यक्ष काम

एकटे असताना किंवा रात्री उशिरा थकलेले असताना सुरू करू नका. लॅबकोट पूर्ण बंद, बंद बूट, चष्मा, हातमोज्यांचे दोन थर. बाहेरचा थर वारंवार बदला, आणि बदलण्याआधी दर वेळी मीटरसमोर धरा. मीटर ढालीजवळ, चालू आणि आवाज सुरू ठेवून असावा, म्हणजे लक्ष हातात असलं तरी कान सावध राहतात. त्याच्या बटणाला दूषित हातमोजा लागू नये म्हणून तो आधीच सुरू करून ठेवा.

कंटॅमिनेशन (नको तिथे लागलेला किरणोत्सारी पदार्थ) पसरतं ते ओल्या रंगाच्या हातासारखं: ज्याला ज्याला हात लागला, तिथे तिथे ठसा. फरक इतकाच की हा ठसा दिसत नाही. दाराची मूठ, फोन, पेन, वही, चष्म्याची दांडी, नळ यांना कामाचे हातमोजे लागताच कामा नयेत. शक्य असेल तेव्हा दोघं मिळून काम करा: एकाचे हात पदार्थाला, दुसऱ्याचे वहीला आणि दाराला. मोबाइल त्या खोलीत नेऊच नका. बाकीचं सगळं पुसता येतं, फोन मात्र थेट गालाला लागतो.

तोंडाने पिपेट ओढणं कुठेच करायचं नाही, इथे तर नाहीच. ट्यूब नेहमी स्क्रू झाकणाच्या किंवा झाकण घट्ट लागणाऱ्या वापरा; साध्या झाकणाची ट्यूब गरम ब्लॉकमध्ये उघडते आणि तुषार उडवते. काम मधेच सोडून खोलीबाहेर जायचं असेल तर वायल कुलूपबंद करा. पाच मिनिटांसाठी उघडा ठेवलेला स्रोतही बेवारसच असतो.

काम संपल्यावर

आधी मीटरने बाक, ट्रे, जमीन, पिपेट, सेंट्रिफ्यूजचा रोटर, नळ, कचऱ्याच्या डब्याची बाहेरची बाजू तपासा. मग स्वतःला: हातमोजे, बाह्या, छाती, बुटांचे तळवे, आणि हातमोजे काढल्यावर उघडे हात. वाचन पार्श्वभूमीच्या दुपटीहून जास्त आलं, तर ते कंटॅमिनेशन समजून साफ करा आणि पुन्हा मोजा. सुटं कंटॅमिनेशन शोधायला साधारण १०० चौरस सेंटिमीटर जागा ओलसर फिल्टर पेपरने पुसून सिंटिलेशन काउंटरमध्ये मोजायची. ट्रिटियमसाठी दुसरा मार्गच नाही. निकाल शून्य आला तरी तारीख, मीटरचा क्रमांक आणि आकडा लिहा. 'सर्व ठीक' असं लिहिलेली नोंद मला चालत नाही, कारण सहा महिन्यांनी तिच्यावरून कोणालाच काही कळत नाही.

सांडलं तर

छातीत धडधड होईल. पण या प्रमाणातल्या स्पिलमध्ये एक-दोन मिनिटं विचार करायला नक्की असतात. क्रम असा:

१. कोणी जखमी असेल तर आधी त्याच्याकडे पाहा. कंटॅमिनेशनच्या भीतीने गंभीर दुखापतीवरचा उपचार थांबवायचा नाही.

२. मोठ्याने सांगा, जवळच्यांना बाजूला करा, पण कोणालाही न मोजता खोलीबाहेर पाठवू नका. बुटांच्या तळव्यांवरून कंटॅमिनेशन जिन्यापर्यंत जातं.

३. ओल्यावर शोषक कागद टाका, पसरणं थांबवा. मीटरने कडा शोधून खडूने किंवा टेपने घेर आखा.

४. अधिकाऱ्याला कळवा. थोडंच आहे असं वाटलं तरीही.

५. बाहेरच्या कडेकडून मध्याकडे पुसत या, दर फेरीला नवा कागद. वापरलेलं सगळं किरणोत्सारी कचऱ्यात. आयोडीनच्या स्पिलवर आधी सोडियम थायोसल्फेटचं द्रावण ओता.

६. पुन्हा मोजा. पुसूनही वाचन खाली येत नसेल, तर जागा झाकून, नाव-तारीख लिहून बंद ठेवा. अल्प अर्धायूच्या पदार्थाला तिथेच क्षय पावू देणं हा योग्य उपाय आहे.

त्वचेला लागलं तर दूषित कपडे काढा आणि कोमट पाणी व सौम्य साबणाने हळुवार धुवा. मोजा, पुन्हा धुवा. ब्रशने घासू नका आणि कढत पाणी घेऊ नका. त्वचा सोलली की पदार्थाला आत जायला वाट मिळते. डोळ्यात गेलं तर भरपूर पाणी. जखमेवर पडलं तर वाहत्या पाण्याखाली धरा आणि डॉक्टरकडे जा.

कचरा

कचरा गोळा करतानाच वेगळा करा: समस्थानिकानुसार, आणि घन, द्रव, सिंटिलेशनच्या वायल्स, सुया यांनुसार. फॉस्फरस-३२ चा डबा अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत. अर्धायू कमी असलेला कचरा सहसा दहा अर्धायू साठवतात; त्यानंतर १०२४ पैकी १ भाग उरतो. फॉस्फरस-३२ साठी हे जवळपास पाच महिने. पण दिवस भरले म्हणून टाकून देऊ नका. मोजा, पार्श्वभूमीएवढं आलं तर किरणोत्साराची सगळी चिन्हं खोडून मगच नियमानुसार बाहेर काढा. एका डब्यात कार्बन-१४ ची एक ट्यूब चुकून पडली, तर तो डबा तुमच्या आयुष्यात क्षय पावणार नाही. सिंकमध्ये काय, किती ओतता येतं, हे फक्त मंजुरीच्या कागदावरून ठरवा.

सीलबंद स्रोत आणि बंद पडलेली उपकरणं याहून गंभीर. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं, १९८५ पासून वापरात नसलेलं गॅमा उपकरण लिलावात भंगारात गेलं. मायापुरीच्या भंगारबाजारात त्यातला कोबाल्ट-६० उघडा पडला, अनेकांना किरणोत्साराची बाधा झाली आणि एकाचा जीव गेला. उपकरण वापरणारे निवृत्त होत जातात आणि आत काय आहे हे माहीत असलेला माणूसच उरत नाही. प्रत्येक स्रोताची यादी ठेवा, वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष जागेवर जाऊन मोजून पाहा, गळतीची चाचणी ठरल्या मुदतीत करा आणि वापर थांबला की परत पाठवण्याची प्रक्रिया त्याच वर्षी सुरू करा.

विद्यार्थ्याचा प्रबंध संपतो तेव्हाही हेच. फ्रीझरच्या तळाशी फक्त आद्याक्षरं लिहिलेला ट्यूबचा डबा राहता कामा नये. जाण्याआधी त्याच्या नावावरची प्रत्येक वायल एकतर कचऱ्यात नोंदवलेली किंवा दुसऱ्याच्या नावावर सही करून दिलेली हवी. त्याचा बाक आणि फ्रीझरचा कप्पा मोजून वाचन वहीत उतरवायचं, बॅज परत घ्यायचा, आणि मग त्याच्या ना-हरकत प्रमाणपत्रावर अधिकाऱ्याने सही करायची.